सांगलीत नेटचं लॉगिन अडलंय, एरर ६९१ येतोय? शंभर फुटीवरच्या काकांच्या दुकानाचा अनुभव

ज्यांच्या घरी नाहीतर ऑफिसात नेटला युजरनेम पासवर्ड टाकून कनेक्ट व्हायला लागतं आणि ते लॉगिनच होईना झालंय त्यांच्यासाठी हे लिहायलेय, कारण आमच्या दुकानात हे झालं तेव्हा मराठीत नीट सांगणारं मला काही सापडलं नाही आणि कंपनीच्या कस्टमर केअरवाल्यांनी तर पासवर्ड चुकीचाय पासवर्ड चुकीचाय एवढंच चालवलेलं. शंभर फुटी रस्त्यावर एक बारकं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, एक काका एकटेच चालवतात, वय साठीच्या पुढं, डायलअप मोडेमच्या म्हणजे टेलिफोन लाईनवरनं नेट लावायच्या काळापासून याच कामात आहेत. दुकानाचं नाव इथं देत नाही कारण ते एकटे आहेत आणि फोन लय वाढले की हातातलं काम थांबतं असं त्यांनीच सांगितलंय, पण त्या रस्त्यावर कुणालाही मोडेमवाले काका म्हणून विचारा, सांगतात. माझ्याकडनं पाचपैकी पाच, आणि का ते सविस्तर लिहिते.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात अकाउंट्स बघते. हंगामाचे दिवस, त्यात मार्चएंड, सकाळी सौदे झाले की दुपारनंतर बिलं, टॅली, जीएसटी, ई-वे बिल सगळं एकदमच येतं. पन्नास हजाराच्या वरचा माल राज्याबाहेर पाठवायचा म्हणजे ई-वे बिल पाहिजेच, ते निघाल्याशिवाय गाडी हलत नाही, ड्रायव्हर दारात उभा राहून कधी होतंय कधी होतंय विचारत बसतो. अशात बाहेर रस्ता उकरताना फायबर तुटली. कंपनीचा पोरगा आला, जोडून दिली, भिंतीवरचा फायबरचा डबा म्हणजे ओएनटी पण जुना खराब झालाय म्हणून बदलून दिला, स्वतःच्या मोबाईलवर यूट्यूब लावून दाखवलं, मॅडम चालू झालं बघा म्हणला आणि गेला. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र नेट नाही. आमचे कॉम्प्युटर सगळे केबलवर आहेत, ओएनटीतनं केबल राउटरला येते आणि राउटर युजरनेम पासवर्डनं कनेक्ट करतो. तोच राउटर कनेक्ट होईना, ऑथेंटिकेशन फेल्ड म्हणून दाखवायला लागला.

मग कस्टमर केअर. फोन लावा, एक दाबा दोन दाबा, गाणं ऐका, मग कुणीतरी उचलणार आणि पहिल्यापासून सगळं विचारणार. राउटर बंद करून चालू करा. केला. पासवर्ड रिसेट करून देतो. दिला, टाकला, तरी तेच. पुन्हा रिसेट. आमची कम्प्लेंट तर त्यांनी प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला म्हणून बंद पण करून टाकली, मेसेज आला तेव्हा शेठ एवढे भडकले की काय विचारू नका, आणि त्यांचं बरोबरच होतं. पैसे महिन्याच्या महिन्याला घ्यायचे आणि माणूस अडलाय कुठं हे बघायचंच नाही ह्याला सर्व्हिस म्हणत नाहीत. तोवर आम्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम ढकलत होतो आणि सौद्याच्या टायमाला यार्डात मोबाईल नेटवर्क कसं असतं ते यार्डात येणाऱ्यांना माहिती आहे.

शेवटी शेजारच्या बेदाण्याच्या अडतवाल्यांनी या काकांचा नंबर दिला. फोन लावला तर पहिलाच प्रश्न, ताई डब्यावर लाल लाईट आहे का? नाही म्हणलं, पॉन लिहिलेला, म्हणजे फायबरचा सिग्नल दाखवणारा, हिरवा आहे आणि स्थिर आहे. मग म्हणले की एररचा नंबर काय येतोय? मी म्हणलं राउटरवर नंबर नाही येत नुसतं फेल्ड येतंय. तर म्हणले बरं, लॅपटॉपवर ब्रॉडबँड कनेक्शन करून बघू, मी दुपारी येतो, आणि राउटर आता कुणाला रिसेट करायला देऊ नका. एवढं दोन मिनिटात. आधी ज्यांच्याशी आम्ही बोललो त्यातल्या एकानंही नंबर विचारला नव्हता, आणि खरं तर सगळं त्या नंबरातच असतं हे मला त्या दिवशी कळलं.

काका आले, लॅपटॉप काढला, राउटरची केबल काढून सरळ ओएनटीतनं लॅपटॉपला लावली. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाईप केला म्हणजे डोळ्यांना दिसतो, मागं पुढं स्पेस आली असेल तर कळते, कॅपिटल स्मॉल कळतं. व्हॉट्सअपवरनं कॉपी केलेल्या पासवर्डला शेवटी स्पेस चिकटून येते आणि लोकं दिवसभर टाळकं फोडून घेतात म्हणले. मग कनेक्ट केलं, आणि आला, एरर ६९१.

इथं त्यांनी जे सांगितलं ते मी जसं लक्षात आहे तसं लिहिते. ६९१ आला म्हणजे वायर ठीक, फायबर ठीक, डबा ठीक, पलीकडचा सर्व्हर पण जागेवर आहे, तो तुमच्याशी बोललाय आणि बोलून नाही म्हणलाय. ६५१ नाहीतर जुन्या विंडोजमधला ६७८ आला असता तर त्याचा अर्थ पलीकडनं उत्तरच आलं नाही, मग पासवर्ड हजारदा बदला काय उपयोग, ते लाईनचं नाहीतर सेटिंगचं काम. म्हणजे पहिल्या पायरीलाच अर्ध्या शक्यता कटाप. आणि नाही म्हणण्याची कारणं पण एकच नसतात, पासवर्ड चुकीचा हे त्यातलं फक्त एक. प्लॅन संपला असेल तरी ६९१. कंपनीनं तुमच्या आयडीला राउटरचा मॅक अॅड्रेस म्हणजे त्या मशीनचा स्वतःचा ओळख नंबर बांधून ठेवलाय आणि तुम्ही राउटर बदलला तरी ६९१. युजरनेमच्या पुढचा अॅट द रेट आणि त्याच्यानंतरचं नाव टाकायचं राहिलं तरी ६९१. आणि तुमचाच आयडी दुसरीकडं कुठंतरी आधीच लॉगिन झालेला असेल आणि एकालाच परवानगी असेल तरी ६९१.

मी विचारलं की काका मग सर्व्हरला कारण माहिती असतंच की, तो सांगत का नाही. तर म्हणले तुम्ही यार्डातल्या आहात म्हणून यार्डातलं सांगतो. गेटवर ट्रक आला की गेटवाला स्वतः ठरवत नाही, तो आत ऑफिसला विचारतो, ही गाडी घेऊ का, आतनं नाही आलं की तो गाडी परत लावतो आणि ड्रायव्हरला नुसतं एवढंच कळतं की सोडलं नाही. कंपनीकडं पण तसंच, तुमचा राउटर ज्या मशीनशी बोलतो ते गेट, आणि मागं रेडियस नावाचा सर्व्हर आहे त्याच्याकडं सगळ्यांचे पासवर्ड, प्लॅन, कोण किती वाजल्यापासून चालू आहे ते सगळं. हे रेडियस १९९१ साली डायलअप मोडेमसाठीच निघालं आणि आजच्या फायबरला पण तेच चालू आहे हे ऐकून मला खरंच आश्चर्य वाटलं. पुढं म्हणले कधी कधी आतनं नकाराबरोबर कारणाची एक ओळ पण येते, विंडोज ती दाखवत नाही पण राउटरच्या लॉगमध्ये सापडू शकते, चला बघू.

मग परत राउटर जोडला आणि त्याचा सिस्टीम लॉग उघडला. तो लॉग मी याआधी पाहिलाच नव्हता, कस्टमर केअरनं कधी उघडायला सांगितलं पण नाही. काका बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. आधी पाडी म्हणजे राउटरनं हाक मारली कुणी सर्व्हर आहे का. मग पाडो, सर्व्हरनं ओ दिली. मग पाडर आणि पाडस, म्हणजे सेशन नंबर मिळाला. त्याच्यापुढं एलसीपी, दोघांचं बोलणं कसं करायचं ते ठरलं. त्याच्यापुढं चॅप म्हणजे पासवर्डची तपासणी, आणि चॅपच्या ओळीत फेल्युअर आणि त्याच ओळीत शेवटी लिहिलेलं, युजर ऑलरेडी लॉग्ड इन. काकांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि म्हणले ताई वाचा. कंपनीचा माणूस म्हणत होता पासवर्ड चुकीचा आणि त्यांचाच सर्व्हर स्वच्छ लिहून पाठवत होता की तुमच्या नावानं आधीच कुणीतरी आत आहे!

शेठना पहिल्यांदा वाटलं आमचा आयडी कुणी चोरला. काका म्हणले थांबा, आधी घरात बघू. उठले, भिंतीवरचा ओएनटी उलटा केला, खाली स्टिकरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड होता तो टाकून स्वतःचा मोबाईल जोडला, आणि नेट चालू! आमच्याच दुकानात, डोक्यावर, नेट सगळा वेळ चालू होतं. त्या पोरानं नवीन डबा लावताना आमचा युजरनेम पासवर्ड डब्यातच टाकून ठेवलेला, आणि जुन्यासारखं केबलनं राउटरला जाणारं ब्रिज कनेक्शन, ज्यात डबा नुसतं पुढं पाठवतो आणि लॉगिन राउटर करतो, ते पण तसंच ठेवलेलं, म्हणजे एकाच आयडीनं डबा पण लॉगिन करायलाय आणि राउटर पण करायलाय, डबा आधी चालू होतो म्हणून तो आत बसतो आणि राउटरला नकार. पोराचा मोबाईल डब्याच्या वायफायवर होता म्हणून त्याला यूट्यूब दिसलं आणि त्याच्या दृष्टीनं काम झालं. केबलवरचा एक तरी कॉम्प्युटर चालू करून बघितला असता तर तिथल्या तिथं कळलं असतं.

आता डब्याचं अॅडमिन लॉगिन कंपनीकडंच असतं, स्टिकरवरच्या लॉगिननं नुसतं स्टेटस दिसतं, बदलता येत नाही. ह्या ठिकाणी दुसरा कुणी असता तर नवीन राउटर घ्या म्हणला असता. काकांनी कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून एकच वाक्य सांगितलं, की ओएनटीवर रूट आणि ब्रिज असे दोन वॅन बनलेत, दोन्हीकडं एकच आयडी आहे, रूटवाला डिलीट करा, ब्रिज ठेवा. वॅन म्हणजे कंपनीकडं जाणारं कनेक्शन, आणि रूटवाल्यात डबा स्वतः लॉगिन करतो. पलीकडच्या माणसानं एकदा पण राउटर बंद चालू करा म्हणलं नाही, लाईनवर ठेवून तिथनंच डिलीट केलं. काकांनी राउटर रिस्टार्ट केला, लॉग परत उघडला, चॅप सक्सेस, खाली आयपी अॅड्रेस, आणि सगळे कॉम्प्युटर चालू. गाडीचं ई-वे बिल मी तिथंच काढलं.

जाता जाता आणखी एक काम केलं जे मी सांगितलं पण नव्हतं. बँकेची साईट अर्धीच उघडते अशी आमची बऱ्याच दिवसांची रड होती, ती बोलण्यात ऐकून त्यांनी राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा (पॅकेटचा) मोठ्यात मोठा साईज, बघितलं तर १५०० होतं, ते १४९२ केलं. युजरनेम पासवर्डच्या ह्या पद्धतीत म्हणजे पीपीपीओईमध्ये प्रत्येक पॅकेटमागं आठ बाईट त्याच्या स्वतःच्या कामाला जातात, १५०० मधनं आठ वजा १४९२, मोठं पॅकेट मधी अडकतं आणि काही साईट लटकतात. बँकेची साईट तेव्हापासून धड उघडतेय.

पैसे द्यायला मी नंतर दुकानात गेले. व्हिजिटचे तीनशे रुपये घेतले फक्त. नवीन काही विकलं नाही, विकायचा प्रयत्न पण केला नाही, आणि आजकाल ही गोष्ट साधी नाही. दुकान म्हणजे एक टेबल, मागं रॅक, रॅकवर जुने मोडेम अजून ठेवलेत. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक लांबडं रजिस्टर आहे, दुकानात पुराचं पाणी आलेलं तेव्हा भिजलेलं, पानं तपकिरी झालीत, कडा फुगल्यात, पण बॉलपेननं लिहिलेलं सगळं वाचता येतं. डाव्या बाजूला एररचा नंबर, मधी कारण, उजवीकडं काय केलं. ६८० डायल टोन नाही, टेलिफोनची वायर बघणे. ६७६ लाईन एंगेज, थांबून परत लावणे. ६१९ पोर्ट तुटला. ७२० प्रोटोकॉल जुळला नाही. आणि ६९१ ला तर दोन पानं आहेत. त्यातली एक नोंद मला लय आवडली, विंडोजमधल्या डायलअपच्या सेटिंगमध्ये इन्क्लूड विंडोज लॉगॉन डोमेन अशी एक टिक असते, ती चुकून लागली की युजरनेमबरोबर डोमेनचं म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटर नेटवर्कचं नाव पण जातं आणि पासवर्ड शंभर टक्के बरोबर असून पण नकार येतो. त्याच्यापुढं लाल पेननं लिहिलंय, टिक काढणे, पासवर्ड बदलू नये.

मी विचारलं म्हणून त्या काळातलं बरंच सांगितलं. आपल्याकडं पब्लिकसाठी इंटरनेट व्हीएसएनएल ह्या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, ते मोठ्या शहरांत, आणि ज्या गावात नोड म्हणजे नेटला जोडून घ्यायचं केंद्र नव्हतं तिथल्या माणसाला दुसऱ्या शहरात एसटीडी लावून कनेक्ट व्हायला लागायचं, म्हणजे लॉगिन फेल झालं तरी कॉलचे पैसे पडायचेच. म्हणून कुठल्या पायरीला अडलं हे ओळखणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे वाचवणं होतं. स्क्रीनवर आधी डायलिंग यायचं, मग मोडेमचा तो कर्कश आवाज, मग व्हेरिफाइंग युजरनेम अँड पासवर्ड, मग रजिस्टरिंग युवर कॉम्प्युटर ऑन द नेटवर्क. आवाजच आला नाही तर लाईन, आवाज होऊन मधीच तुटलं तर लाईनची खरखर, व्हेरिफाइंगला अडलं तर आयडी पासवर्ड, रजिस्टरिंगला अडलं तर आयपीचं सेटिंग. ५६ केबीपीएसचा मोडेम, स्पीड त्याहून कमीच मिळायचं, पण प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसायची कानाला ऐकू यायची. आता सगळं राउटरच्या पोटात होतं आणि बाहेर एक लाईट लागतो नाहीतर लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं आत काही समजण्यासारखं नाहीच. आत तेच आहे, दोन टोकांत कनेक्शन जोडणारं पीपीपी, पासवर्ड तपासणारे पॅप, चॅप, फक्त खाली टेलिफोनच्या जागी फायबर आली.

पॅप आणि चॅपमधला फरक पण तेव्हा समजावला. पॅपमध्ये पासवर्ड आहे तसा उघडा जातो. चॅपमध्ये पासवर्ड जातच नाही, सर्व्हर एक आकडा पाठवतो, आपला राउटर तो आकडा आणि पासवर्ड मिळून एक गणित करून उत्तर पाठवतो, सर्व्हर पण स्वतः तेच गणित करतो, दोन्ही उत्तरं जुळली तर आत. म्हणून एक अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं तरी उत्तर पार वेगळं येतं, जवळपास बरोबर असं काही नसतंच. मला कॉमर्सवाल्या बाईला हे कळलं म्हणजे सांगणाऱ्याचं कौशल्य बघा.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण लिहिते. एक म्हणजे फोन उचलत नाहीत, काम करताना फोन उलटा ठेवतात, मेसेज टाकला तर संध्याकाळी बघतात. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, सांगलीतली निम्मी दुकानं असतात तशीच, पण ऑफिसवाल्यांना नेमकं तेव्हाच मोकळं होता येतं. पक्कं बिल मागून घ्यायला लागतं, स्वतःहून देत नाहीत, मी अकाउंट्सवाली म्हणून मागितलं आणि मग हातानं लिहून दिलं, ते शेठच्या खात्यात लावायला मला जरा कसरत करायला लागली. गाडी लावायला जागा नाही, टू व्हीलर पण समोरच्या बाजूला लावून चालत यायला लागतं. आणि ज्यांना नुसतं चालू करून द्या, समजावू नका असं पाहिजे असेल त्यांनी आधीच सांगावं, कारण काका प्रत्येक गोष्ट दाखवून करतात आणि त्याला वेळ जातो. मला ते हवंच होतं. आमच्या शेठनी पण खुर्ची ओढून सगळं बघितलं आणि आता दुकानात नेट गेलं की तेच आधी विचारतात, पॉनचा लाईट बघा, एरर कुठला आहे.

काकांकडं जाण्याआधी काय तयारी करायची ते त्यांनी मला सांगितलेलं लिहून ठेवते, म्हणजे त्यांचा पण वेळ वाचेल. ओएनटीच्या सगळ्या लाईटचा एक फोटो काढा, एलओएसला, म्हणजे सिग्नल गेल्याच्या लाईटला, लाल लागला असेल तर त्यांच्याकडं जाऊच नका, सरळ कंपनीत कम्प्लेंट करा, ते फायबरचं काम आहे. विंडोजवरनं कनेक्ट करत असाल तर एररचा नंबर लिहून ठेवा, खिडकी बंद केली असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रासक्लायंट नावाखाली २०२२७ नंबरची नोंद शोधा, त्यात एररचा नंबर सापडतो. शेवटचा रिचार्ज कधी केला त्याचा मेसेज जवळ ठेवा. राउटर बदलला असेल, मुलानं नाहीतर कंपनीवाल्यानं काही केलं असेल तर ते आधी सांगा, लपवू नका. आणि राउटर मागच्या बारक्या भोकात पिन घालून रिसेट करू नका, त्यानं लॉग पण जातो आणि सेटिंग पण जातं, मग काकांना पण सुरुवातीपासनं सगळं करायला लागतं.

सकाळी दहा ते दीड, संध्याकाळी चार ते साडेआठ, रविवारी बंद. पैसे यूपीआयनं चालतात. मार्केट यार्ड, विश्रामबाग, मिरजेपर्यंत येतात, मिरजेला जायचं असेल तर व्हिजिटचे थोडे जास्त घेतात.